मिरचीचं झाड हिवाळ्यात का जातं, आणि पुढच्या मृगापर्यंत ते कसं टिकवायचं

तक्रार दर वर्षी तीच असते. दिवाळीला मिरचीचं झाड फळांनी वाकलेलं असतं. डिसेंबर लागला की पानं पिवळी पडून गळतात, शेंडे आकसतात आणि संक्रांतीपर्यंत नुसत्या काड्या उरतात. घरातलं कुणीतरी म्हणतं, थंडीनं गेलं, आणि झाड उपटून चुलीत जातं. जूनमध्ये पुन्हा नवी रोपं, आणि ठेच्यासाठी घरची मिरची हाती यायला पुन्हा सप्टेंबरची वाट.

उपटलेल्या त्या झाडांतली बरीच जिवंत असतात. जी खरंच मेलेली असतात, त्यांतली फार थोडी थंडीनं गेलेली असतात. विदर्भात हिवाळ्यात मिरचीला मारतं ते जास्तीचं पाणी आणि शेंड्यातली कीड. त्यातूनही जी वाचतात ती मे महिन्यात जातात, कारण तोवर आपलं लक्ष उडालेलं असतं. म्हणून झाड पुढच्या हंगामाला न्यायचं असेल तर नोव्हेंबरपासून मृगापर्यंतचा सगळा काळ एकच समजून चालावं लागतं.

मिरची मुळात एका हंगामाचं पीक नाही. अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं ते झुडूप आहे, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आलं, आणि जिथे पाणी गोठत नाही तिथे ते कित्येक वर्षं जगू शकतं. शेतात आपण ते काढतो कारण जमीन मोकळी करायची असते आणि दुसऱ्या वर्षी तोडा परवडत नाही. परसातल्या चार-सहा झाडांना हा हिशेब लागू नाही. त्यातही लवंगीसारखी बारीक, तिखट मिरची जास्त काटक. ढोबळी मिरची मात्र टिकवायच्या भानगडीत पडू नये, कष्टाच्या मानानं हाती काही लागत नाही.

आधी झाड जिवंत आहे का ते पाहा

पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं नाही. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली उतरायला लागलं की मिरची फुलं टाकते. १० अंशांच्या आसपास वाढ जवळजवळ थांबते आणि जुनी पानं पिवळी होऊन पडतात. नागपूर-वर्ध्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या बऱ्याच रात्री १० ते १३ अंशांच्या असतात. एवढ्यानं झाड झोपतं, मरत नाही.

बुडापासून चार बोटांवर खोडाची साल नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली खरवडा. मातीलगतचं खोडही कोरडं निघालं तरच झाड गेलं असं समजा. वरच्या सगळ्या फांद्या वाळल्या पण बूड हिरवं आहे, असं झाड फेब्रुवारीत फुटतं. ते जानेवारीत उपटू नका.

माती ओली, तरी झाडानं मान टाकलेली

हिवाळ्यात सगळ्यात जास्त झाडं इथेच जातात. दुपारी झाड मलूल दिसतं म्हणून आपण तांब्याभर पाणी घालतो. संध्याकाळीही तसंच दिसतं, मग आणखी एक तांब्या. चार दिवसांत पानं हिरवी असतानाच लोंबतात आणि आठवड्यात झाड संपतं.

कारण साधं आहे. माती थंड झाली की मुळं पाणी कमी उचलतात, पानं कमी झालेली असतात, ऊनही कोवळं असतं. ऑक्टोबर हीटमध्ये ज्या झाडाला रोज पाणी लागत होतं, त्याला डिसेंबरात आठ दिवसांनीही पुरतं. जास्तीचं पाणी मातीत तसंच राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मुळं कुजली की झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, आणि म्हणूनच आपण आणखी पाणी घालतो.

त्यात आपली काळी माती. ती वरून सुकून भेगाळते, पांढुरकी दिसते, आणि चार बोटं खाली हाताला चिकटते. वरचा रंग पाहून पाणी देण्याची सवय मुरमाड जमिनीत चालेल, काळ्या जमिनीत नाही. तुऱ्हाटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या खोडाची, एक काडी वीतभर खोल खुपसून दोन मिनिटांनी काढा. तिला ओली माती चिकटून आली तर त्या दिवशी पाणी नाही. झाड मलूल दिसलं तरीही नाही. आधी काडी, मग तांब्या, हा नेम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण झाडाला पाणी घालणारे हात एका घरात तीन-चार असतात आणि प्रत्येकाला वाटतं आज कुणीच घातलं नाही.

कुंडीत किंवा तेलाच्या डब्यात निव्वळ काळी माती भरली असेल तर उलटा प्रकारही होतो. माती आकसून डब्याच्या कडेपासून सुटते, घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. खालून पाणी आलं म्हणजे झाडाला पोचलं, असं तिथे मानता येत नाही. वरची माती खुरप्यानं मोकळी करून फट बुजवा आणि पाणी थोडं थोडं, दोन-तीन वेळा थांबत द्या. पुढच्या वेळी डबा भरताना दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड रेती किंवा चाळलेला मुरूम घ्या. भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस फुकट मिळतं, तेही मिसळलं तर माती मोकळी राहते. डब्याच्या तळाला भोकं हवीतच, आणि डबा दोन विटांवर ठेवा म्हणजे ती भोकं चिखलानं बंद होणार नाहीत.

पाणी सकाळी धुई उतरल्यावर किंवा दुपारी द्या. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते चांगलं. रात्रभर उघड्या टाक्यात थंड झालेलं पाणी सकाळी सकाळी मुळांवर ओतू नये.

झाड आधीच लोंबलं असेल तर पाणी पूर्ण बंद करा, बुडाजवळची माती हलकी उकरून वारा लागू द्या आणि निम्मी पानं-फांद्या कमी करा, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा ताण घटेल. पांढरी मुळं शिल्लक असतील तर झाड सावरतं. मुळं तपकिरी होऊन सालपट सुटत असेल, बुडाशी खोड काळं पडून मऊ झालं असेल, तर वाचवायचा प्रयत्न सोडा. असं झाड काढल्यावर खोड आडवं कापून पाहा. आत तपकिरी रेषा असतील तर तो मर रोग. कापलेला तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरला आणि त्यातून पांढरट, दुधाळ धार खाली उतरताना दिसली, तर ती जिवाणूजन्य मर. दोन्हींत त्या जागेवर पुढची दोन-तीन वर्षं मिरची, वांगं, टमाटर, आलू यांपैकी काही लावू नका. ही सगळी एकाच कुळातली, एकाचा रोग दुसऱ्याला लागतो. मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर) खुशाल पेरा.

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यासाठी

पूर्णा नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना वरचं सगळं करूनही झाड जळताना दिसेल. पानांच्या कडा आणि टोकं करपतात, मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो. हे विहिरीच्या पाण्यातले क्षार. मिरचीला ते फारसे सोसत नाहीत. पावसाळ्यात पाऊस क्षार धुऊन नेतो, हिवाळ्यात आपण थोडं थोडं पाणी देतो आणि ते साचत जातात.

कुंडीला दर वेळी चार घोट पाणी देण्यापेक्षा माती सुकू द्या, आणि दिलं की खालून भरपूर वाहून जाईल इतकं द्या. महिन्यातून एकदा नळाचं गोडं पाणी मिळालं तर त्यानं माती धुवा. वरचा पांढरा थर खरवडून फेकून द्या. आणि उन्हाळ्यात कुलरच्या टाकीतलं जुनं पाणी झाडाला अजिबात घालू नका. कुलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, त्यामुळे ते पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षाही खारट झालेलं असतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडाला घातलं जातं, भावना चांगली आहे, पण त्यानं झाड जातं.

पानं वळतात, शेंडा गोळा होतो

याला आपण सरसकट चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो, आणि एकच औषध मारतो. खरं तर कारणं तीन आहेत आणि पान नीट पाहिलं तर ती ओळखू येतात.

कडा वर वळून पान द्रोणासारखं झालं, खालच्या बाजूला चंदेरी-तपकिरी चट्टे दिसले, तर फुलकिडे. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका, बारीक किडे पळताना दिसतील. कडा खाली वळल्या, पान अरुंद, जाडसर झालं आणि देठ लांबला, तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. तो डोळ्यांना दिसत नाही, भिंगातूनच दिसतो. आणि पानं बारीक, खरबरीत, शिरांजवळ फिकट, फांद्यांचे पेरे आखूड, सगळं झाडच खुजं झालं असेल, तर पांढऱ्या माशीनं आणलेला पर्णगुच्छ विषाणू. शेजारी पऱ्हाटी (कपाशी) उभी असेल तर पांढरी माशी तिथूनही येते.

पहिल्या दोघांवर इलाज आहे. वळलेले शेंडे तोडून जाळून टाका. दुपारच्या उन्हात पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याची जोरदार धार मारा. झाड संध्याकाळपर्यंत वाळलं पाहिजे, रात्री ओलं राहू नये. मग पाच टक्के निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीचं जाडसर चूर्ण रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, एक लिटर करा, चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाका आणि त्याच दिवशी फवारा. पानांची खालची बाजू भिजली नाही तर फवारणी फुकट. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. निंबोळ्या आपल्याकडे जून-जुलैत झाडाखाली सडा पडतो तेव्हाच वेचून वाळवून ठेवाव्या लागतात, डिसेंबरात शोधून मिळत नाहीत.

कोळी जात नसेल तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ते ३ ग्रॅम. हे हिवाळ्यातच. पारा ३२ च्या वर गेला की गंधकानं पानं भाजतात, आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

तिसऱ्यावर, विषाणूवर, औषध नाही. ते झाड ठेवू नका. कितीही फळं देऊन गेलेलं असो, कितीही जीव लागलेला असो, ते उपटून जाळा. कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं पीक, ठेवू नका असं आपल्याला सांगतात, कारण उभ्या पऱ्हाट्यांवर गुलाबी बोंडअळीचा वंश पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो. मिरचीचंही तेच आहे. विषाणूचं जुनं झाड जूनपर्यंत जगवलं तर पांढरी माशी त्याच्यावरून उठून तुमच्या आणि शेजाऱ्याच्या नव्या रोपांवर बसते. निरोगी जुनं झाडसुद्धा नव्या वाफ्यापासून लांब, घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवलेलं बरं.

पानांवर पिवळे-हिरवे ठिपके-पट्टे दिसले, पण वळण नसेल, तर हात आठवा. खर्रा घोटून किंवा तंबाखू मळून त्याच हातानं मिरची तोडली, शेंडे खुडले, तर तंबाखूतला मोझॅक विषाणू झाडाला लागू शकतो. परसात जायच्या आधी साबणानं हात धुवायचे, एवढंच करायचं आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कपाशीवर मारायचं उरलेलं औषध घरच्या मिरचीवर मारू नका. हे झाड तुम्ही रोज तोडून ताटात घेता. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरांतली कर्ती माणसं गेली ते आपण पाहिलेलं आहे. दोन झाडं गेली तर गेली.

भुरीचं थोडक्यात: पानाच्या खाली पांढरी पावडर, वर पिवळा डाग, मग पानगळ. कोरड्या थंड हवेत येते, वरचंच गंधक त्याच प्रमाणात मारलं की आटोक्यात येते. गळलेली पानं झाडून जाळा.

छाटणी कधी करायची

चुकीच्या वेळी केलेली छाटणी हे झाड जाण्याचं पुढचं मोठं कारण. डिसेंबरात फळं संपली म्हणून लोक झाड बुडापर्यंत कापतात. मग एखादा उबदार आठवडा येतो, कोवळे फुटवे निघतात, आणि पुढच्या थंडीत तेच काळे पडतात. त्या फुटीत झाडाची साठवलेली ताकद खर्च झालेली असते.

डिसेंबरात फक्त उरलेली फळं, वाळक्या काड्या आणि रोगट शेंडे काढा. फळं झाडावर लाल होत ठेवू नका, ती झाडाला ओढतात. युरिया देऊ नका. कोवळी फूट थंडीला आणि कोळ्याला दोन्हींना आवडते.

मोठी छाटणी संक्रांत झाल्यावर, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, रात्री उबदार व्हायला लागल्या की. मुख्य खोड जिथे दोन-तीन फांद्यांत फुटतं, तिथून वर प्रत्येक फांदीचे दोन-तीन डोळे ठेवा आणि बाकी कापा. झाड वीत-सव्वा वीत उरतं. पाहवत नाही, पण तिथूनच नवं लाकूड येतं. कातर किंवा विळा साबणाच्या पाण्यानं धुऊन घ्या आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा धुवा. काप तिरका द्या. शेंड्याकडून फांदी वाळत खाली येत असेल तर तो फांदीमर रोग. वाळक्या भागाच्या दोन बोटं खाली, जिथे आतलं लाकूड पांढरं-हिरवं दिसतं, तिथे कापा. त्या दिवशी एक-दोन ओंजळी शेणखत किंवा गांडूळ खत, त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), मातीत मिसळून बेताचं पाणी द्या. पंधरा-वीस दिवसांत डोळे फुगतात.

थंडीच्या लाटेची रात्र

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशी रात्र येणार असं हवामान खात्यानं सांगितलं तर दुपारी झाडाला हलकं पाणी द्या. ओलसर माती दिवसाची ऊब धरून ठेवते. संध्याकाळी जुनी साडी किंवा पोतं चार काड्यांवर टाकून झाड झाका, कापड पानांना टेकू देऊ नका, आणि सकाळी ऊन आलं की काढा. कुंड्या दक्षिणेकडच्या भिंतीला लावा, विटांची भिंत रात्रभर ऊब सोडते. पानं काळी पडलीच तर लगेच कापू नका. वाळलेलं तसंच राहू द्या, आतला भाग त्याच्या आडोशानं वाचतो.

मार्च ते मे: खरी परीक्षा

छाटलेलं झाड मार्चमध्ये हिरवंगार होतं, फुलं धरतं, काही घरांत एप्रिलपर्यंत मिरच्याही मिळतात. मग पारा चढतो आणि फुलं पुन्हा गळायला लागतात. दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की फुलात फळ धरत नाही. यावर टॉनिक मारून पैसे घालवू नका. ही ऋतूची गोष्ट आहे.

मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला इथे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत झाड वाढवायचं नसतं, फक्त मुळं जिवंत ठेवायची असतात. कुंडी असेल तर घराच्या पूर्वेला न्या, जिथे दहा-अकरापर्यंत ऊन आणि मग सावली. स्लॅबवर तर ठेवूच नका. पत्र्याचा डबा उन्हात इतका तापतो की मुळं आतल्या आत शिजतात. डब्याभोवती ओलं पोतं गुंडाळा किंवा अर्धा डबा जमिनीत गाडा. झाड जमिनीत असेल तर त्यावर ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा, नाहीतर तुऱ्हाट्यांचा छोटा मांडव करा. पश्चिमेची बाजू आवर्जून झाका.

बुडाशी गव्हाचं किंवा सोयाबीनचं कुटार (भुसा) चार बोटं जाड पसरा, खोडापासून दोन बोटं सोडून. कुटाराला वाळवी लागते, म्हणून आठवड्यातून एकदा उचलून पाहा. पाणी आता उलट्या हिशेबानं: रोज संध्याकाळी, काडी कोरडी निघाली तर सकाळीही. हिवाळ्याच्या सवयीनं आठ दिवस थांबलात तर नवतपात, मे अखेरच्या त्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, झाड राहणार नाही.

आणि कुंपण. मे महिन्यात रानात हिरवं काही उरत नाही, बकऱ्या परसात शिरतात आणि मिरचीचा पाला खातात. भोवती बोरीच्या काट्या लावा.

मृग लागल्यावर

७-८ जूनच्या सुमारास मृग लागतो. पहिला चांगला पाऊस पडल्याशिवाय जाळी काढू नका. मग शेंडे हलके खुडा, कुंडीतल्या झाडाचा गोळा काढून बाहेरची बोटभर मुळं कापा, नवी माती आणि शेणखत भरा, आणि जमिनीतल्या झाडाला मातीची भर देऊन बुडाशी पाणी साचणार नाही असं करा. पावसाळ्यात काळ्या मातीत साचलेलं पाणी हिवाळ्यापेक्षाही लवकर झाड मारतं.

नवी रोपं जुलैत लावली तर पहिला तोडा सप्टेंबरात येतो. जुनं झाड जुलैच्या शेवटीच मिरच्या द्यायला लागतं, कारण त्याची मुळं आधीच खोल गेलेली असतात. संकरित मिरची आवडली असेल तर झाड टिकवणं जास्त फायद्याचं, कारण तिच्या बियांपासून तशीच मिरची येत नाही. भिवापुरीसारख्या गावरान मिरचीचं बी मात्र दर वर्षी धरून ठेवा. झाड टिकलं तरी बी वेगळं हवं. दुसऱ्या वर्षानंतर फळं बारीक व्हायला लागली, खोड पोकळ वाजायला लागलं, की पावसाळ्यात त्याच बियांची रोपं दुसऱ्या जागी लावा आणि जुनं झाड शेवटचा तोडा घेऊन काढून टाका.